रिंगा बसतील, पण कधी?

नव्यानं बांधलेलं इंजिन सुरुवातीला थोडं ऑइल खातं, हे खरं आहे. नव्या रिंगा आणि नवा बोअर यांची एकमेकांशी ओळख व्हायला काही शे किलोमीटर जावे लागतात. पण हेच खरं वाक्य आपल्याकडे गॅरेजवाल्यांची ढाल झालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी निळा धूर मारते म्हणून तक्रार घेऊन जावं, तर उत्तर ठरलेलं. "रिंगा बसतील, गुरुजी. चालवा अजून." किती चालवायची? ऑइल किती खाल्लं तर चालेल? आणि रिंगा नाहीच बसल्या तर? इथे सगळे गप्प.

हे सगळं आत्ताच का सुचलं, तर थोरल्या बंधूंची प्रीमियर पद्मिनी. घरच्या मंडळींना ती माहीत आहेच. १९८८ सालची गाडी. बंधू गेल्यावर ती पुतण्याकडे आली. गेल्या वर्षी त्यानं इंजिन उतरवलं, बोअर करून घेतला, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या. पाच आकडी बिल भरलं. (गॅरेजचं नाव लिहीत नाही, मुद्दा एका गॅरेजचा नाहीच.) गाडी घरी आली ती धूर सोडतच. पोरगा हुशार, त्यानं वही घातली. पहिल्या तीनशे किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल, पुढच्या तीनशेला अर्धा, तिसऱ्या तीनशेलाही अर्धाच. रिंगा बसत असत्या तर आकडा उतरायला हवा होता. तो जागचा हलला नाही. आता पुन्हा इंजिन खोलायचं तर पुन्हा तेवढाच खर्च, नाहीतर गाडी भंगारात. भंगारवाला एकदा येऊन पाहूनही गेला होता. वडिलांची गाडी पोरानं कोणत्या मनानं द्यावी?

तर मंडळी, इंजिनात ऑइल जळतं म्हणजे काय होतं, ते आधी समजून घेऊ. जळण्याच्या जागी ऑइल मुख्यतः दोन वाटांनी पोचतं. एक खालून, पिस्टनच्या रिंगांना चुकवून. दुसरी वरून, हेडमधल्या व्हॉल्वच्या गाइडमधून झिरपून. दोन्ही वाटांनी आलेल्या ऑइलचा धूर निळाच. म्हणून नुसता धूर पाहून दोष सांगता येत नाही.

खालच्या वाटेचा दोष बहुधा बोअरच्या कामात असतो. पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटरचा. पिस्टन आणि बोअर यांच्यातली मोकळीक केसाच्या जाडीपेक्षाही कमी ठेवायची असते. ती अंदाजानं जमत नाही, मोजावीच लागते, आणि तीही वर, मध्ये आणि खाली. बोअर मारून झाल्यावर होनिंग करतात, म्हणजे आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडतात. आमच्या पिढीला हे चटकन कळेल. जातं वापरून गुळगुळीत झालं की पीठ पडत नाही, मग त्याला टाकी लावून घ्यावी लागते. बोअरचंही तसंच आहे. त्या रेघांत ऑइल धरून राहतं आणि त्यांच्या खरखरीवर रिंग घासून आपली जागा करून घेते. भिंत आरशासारखी झाली, तर रिंग वरून नुसती घसरत राहते. पुढे हजारो किलोमीटर चालवलं तरी ती बसत नाही.

'नवं इंजिन, हळूच चालवा' या सल्ल्यातही अर्धंच खरं आहे. पूर्वी गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लावून लोक ताशी चाळीसनं जात. इंजिनाला फार ताणू नये, हे बरोबर. पण रिंगेला भिंतीवर दाबून धरतो तो जळलेल्या वायूचा दाब, आणि तो दाब इंजिनावर थोडा भार आला की वाढतो. तासन् तास उभ्या जागी इंजिन चालू ठेवणं किंवा एकाच मंद वेगानं जाणं नव्या रिंगांना मानवत नाही. वेग कमीजास्त करावा, मध्यम चढ चढवावा, मग जरा दम द्यावा. शिवाय रिंग उलटी बसली, तर ती ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर ओढते. रिंगेवरची खूण वरच्या बाजूला येते की नाही, एवढं पाहायला मिनिटही लागत नाही.

आता वरची वाट. पैसे वाचवायला पुष्कळदा फक्त खालचं काम करतात, हेड तसंच ठेवतात. नव्या रिंगांनी इंजिन घट्ट होतं, त्याची ओढ वाढते, आणि झिजलेल्या गाइडमधून ते पूर्वीपेक्षा जास्त ऑइल आत खेचू लागतं. म्हणजे काम केल्यावर ऑइल वाढलं, असा उलटा अनुभव येतो.

दोष खालचा की वरचा, हे ओळखायला आम्हा आणेकरांना देवानं घाटच दिला आहे! चढताना ॲक्सिलरेटर दाबलेला असतो, जळणाचा दाब जास्त असतो. तेव्हा सतत निळा धूर येत असेल, तर संशय रिंगांवर. उतरताना गिअरमध्येच गाडी सोडली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की हवेची वाट बंद होते, पण पिस्टन ओढतच राहतात. ती ओढ गाइडमधून ऑइल खाली आणते. पायथ्याला पुन्हा ॲक्सिलरेटर दिला आणि मागे निळा लोट उठला, तर संशय गाइडवर. पुतण्या आणे घाट उतरून गुळुंचवाडीपर्यंत गेला, शेजारचा पोरगा मोटारसायकलवर मागे. उतार संपल्यावर भला मोठा लोट, परत चढताना मात्र जवळजवळ काही नाही. दुसऱ्या एका मिस्त्रींनी ते ऐकून फक्त हेड उतरवलं. गाइड ढिले होते. ते बदलले, व्हॉल्व घासून बसवले. आता वहीत हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आतला आकडा आहे. बोअरला हात लावायची वेळच आली नाही.

एवढी तपासणी पहिल्या गॅरेजलाही जमली असती. 'बसतील' म्हणणं सोपं पडतं, म्हणून ती होत नाही.

या बोटचेपेपणाचा मला राग येतो, त्याला आणखी एक कारण आहे. पद्मिनीचे जाणकार आता थोडे उरले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना, तिथली ही गाडी आता बनत नाही. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींवर हात बसलेले मिस्त्री नुसत्या कानानं दोष सांगत. ती मंडळी आता म्हातारी झाली. त्यांचा कान तर वारशात मिळत नाही. मागे उरायचं ते मोजमाप, आणि तेही कोणी लिहून ठेवलं तरच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. इंजिन बांधणाऱ्यानं बिलासोबत एक कागद द्यावा. बोअरची मापं, पिस्टनची मोकळीक, रिंगेच्या तोंडातली फट, गाइड पाहिले की नाही, ऑइल कोणतं घातलं, आणि किती किलोमीटरनंतर किती ऑइल लागलं तर दोष आमचा. काही मोटार कंपन्या हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालेल असं छापून देतात. मग गॅरेजनं आपली मर्यादा सांगायला काय हरकत आहे? मालकानंही सकाळी, सपाट जागी, थंड इंजिनावर पट्टी पाहावी आणि आकडा लिहावा. नुसतं 'लई ऑइल खाते' म्हणणाऱ्याला कोणीही वाटेला लावतं, तारखेसकट आकडा दाखवणाऱ्याला लावता येत नाही.

कोणी म्हणेल, खेड्यातल्या मिस्त्रीकडून एवढ्या कागदपत्रांची अपेक्षा करणं जास्तच झालं. मला नाही तसं वाटत. लेथवर हजारांश इंचाचं काम करणाऱ्याला चार आकडे लिहिणं जड नाही. आपण ते कधी मागितलेच नाहीत. चांगल्या मिस्त्रीचं तर त्यात भलंच आहे. त्याचं काम कागदावर दिसेल आणि 'बसतील' म्हणून वेळ मारून नेणाऱ्यांच्या रांगेत त्याला उभं राहावं लागणार नाही.

तुमच्यापैकी कोणी अलीकडे इंजिन बांधून घेतलं असेल, तर असा कागद मिळाला का, ते जरूर कळवा. मिळाला नसेल तर उद्या जाऊन मागा. मिस्त्री हसले तरी मागा.