डबा फेकू नका, एकट्याने लढू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकारांनो, फवारणीला जाणाऱ्या शेतमजूर बंधूंनो, कृषी केंद्रचालकांनो आणि वकील मित्रांनो,

पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की फवारणीचा जोर वाढतो. २०१७ साली जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत आपल्या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले आणि सुमारे ८०० जणांना दवाखान्यात भरती व्हावे लागले. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, हवेत उकाडा आणि दमटपणा होता, बॅटरीवरचे पंप जोरात तुषार उडवत होते आणि माणसे त्या तुषारातून अर्ध्या बाहीच्या शर्टावर चालत होती. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना दोन लाखांची मदत जाहीर केली, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर थोड्या काळासाठी बंदी घातली. नागपूर खंडपीठात जनहित याचिकाही गेली. पण ज्याने औषध बनवले आणि विकून नफा कमावला, त्याच्याकडून भरपाई घेण्याचा प्रश्न बहुतेक घरांत कोणी काढलाच नाही. सरकारी मदत घेतली म्हणजे भरपाईचा हक्क संपतो, असाही एक समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे.

हे आवाहन त्या न काढलेल्या प्रश्नासाठी आहे, आणि ते आत्ताच करायचे कारण असे की असला दावा उभा राहणार की पडणार हे बाधा झाल्यापासून पहिल्या दोन-चार दिवसांतच ठरून जाते. वकील पुढे कितीही मोठा लावला तरी त्या दिवसांत हरवलेला कागद तो परत आणू शकत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या घरांनी हे सिद्ध करून दाखवले आहे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये यवतमाळच्या ५१ बाधित कुटुंबांनी, महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉयझन्ड पर्सन्स या बाधितांच्या संघटनेच्या आणि काही आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साथीने, सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये तक्रार नेली. कंपनीचे मुख्यालय तिथल्या बासल शहरात आहे. तक्रार ‘पोलो’ या कीटकनाशकाबद्दल होती. त्यातला घटक डायफेन्थियुरॉन. तो युरोपीय संघाने आणि खुद्द स्वित्झर्लंडने आपल्या बाजारातून केव्हाच बाहेर काढला होता, आपल्याकडे मात्र विकला जात होता. पब्लिक आय या स्विस संस्थेने यवतमाळच्या पोलीस नोंदी मिळवल्या, तेव्हा विषबाधेच्या ९६ प्रकरणांत, त्यातल्या दोन मृत्यूंत, पोलोचे नाव निघाले. कंपनीने आपल्या औषधामुळे हे घडल्याचे नाकारले आहे. ५१ कुटुंबांच्या तक्रारीवर तिथल्या सरकारी यंत्रणेपुढे मध्यस्थी झाली, तडजोड निघाली नाही. बासलच्या दिवाणी न्यायालयाची वाट मात्र तिघांनीच धरली: दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी. स्विस कायद्यात नुकसान कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. २०१७ चा ऑक्टोबर धरला तर २०२० च्या त्या सप्टेंबरात ती संपायला काही आठवडेच उरले होते.

८०० जण दवाखान्यात, ९६ नोंदींत एका औषधाचे नाव, तक्रारीत ५१ घरे आणि न्यायालयात तिघे. ही गळती नीट पाहा. पैसा, अंतर, परकी भाषा ही कारणे त्यामागे आहेतच. पण आधीची मोठी गळती तर पोलीस नोंदीतच झाली आहे. ज्यांच्या कागदावर औषधाचे नाव आले नाही, ‘अज्ञात विष’ किंवा नुसतेच ‘फवारणी करताना चक्कर’ असे लिहिले गेले, त्यांना बोट कोणाकडे दाखवायचे हेच उरले नाही.

आता बासलला जाण्याची गरज प्रत्येकाला नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात उत्पादकाच्या जबाबदारीचे वेगळे प्रकरणच आहे, जे २०१७ मध्ये नव्हते. वस्तूच्या रचनेत दोष असेल, किंवा ती सुरक्षित कशी वापरावी याची पुरेशी सूचना आणि इशारा दिला नसेल, तर झालेल्या इजेची आणि मृत्यूची भरपाई उत्पादकाकडून मागता येते. शेतकरी ग्राहक आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात मिटवला: बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे. फवारणीच्या औषधाला तोच युक्तिवाद लागू पडतो. आणि मजुराने औषध विकत घेतलेले नसते, म्हणून त्याने मागे राहू नये. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारासुद्धा कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच असतो.

याच कायद्याच्या कलम ३५ नुसार, ज्यांचे गाऱ्हाणे एकच आहे अशा अनेकांच्या वतीने एक किंवा काही जण ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन तक्रार करू शकतात. दिवाणी न्यायालयात हीच सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम ८ मध्ये आहे. त्याला प्रातिनिधिक दावा म्हणतात. इथे बऱ्याच तक्रारी घसरतात. ‘गाऱ्हाणे एकच’ याचा अर्थ ‘आम्ही सगळे यवतमाळचे, आम्हा सगळ्यांना बाधा झाली’ एवढा होत नाही. २०२१ मध्ये बंगळुरूच्या एका गृहप्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की हितसंबंध एकसारखे कसे आहेत ते तक्रारीत स्पष्ट मांडावे लागते. ते मांडलेले नसेल तर ती साऱ्या गटाच्या वतीने केलेली तक्रार ठरत नाही, फार तर सही करणाऱ्यांची संयुक्त तक्रार म्हणून चालते. आपल्या बाबतीत मला दिसणारा मार्ग असा: गट गावावरून किंवा तालुक्यावरून पाडू नका, औषधावरून पाडा. आर्णीचा, घाटंजीचा आणि झरी जामणीचा माणूस एकाच कंपनीचे एकच औषध फवारून आजारी पडला असेल, तर त्या तिघांचा दावा एक. एकाच घरातल्या दोन भावांनी वेगळी औषधे मारली असतील तर त्यांचे दावे दोन. कोणाचे डोळे गेले, कोणाला आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले, हा भरपाईच्या रकमेचा प्रश्न; तो मागाहून माणसागणिक ठरवता येतो. डब्यावरची सूचना अपुरी होती का, हा प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच.

समोरची बाजू काय म्हणेल तेही आधीच माहीत असू द्या, कारण कायद्याच्या कलम ८७ मध्येच ते लिहिले आहे. वस्तूचा गैरवापर झाला असेल तर उत्पादक सुटतो. इशारा पुरेसा नव्हता असे म्हणणाऱ्या दाव्यात, मालकाने कामासाठी वस्तू घेतली आणि कंपनीने मालकाला इशारा दिला होता, एवढे दाखवले तरी कंपनी सुटू शकते. वापरणारा दारूच्या अमलाखाली होता हाही बचाव आहे. २०१७ नंतर ‘हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारले, दोन औषधे एकत्र केली’ हे आपण किती ऐकले! ती बोलणी नुसती उर्मट नव्हती, त्यांच्या मागे कायदेशीर बचाव उभा असतो. म्हणून उत्तराची तयारी आधी हवी. दोन औषधे कोणी एकत्र करायला सांगितली? कृषी केंद्रातून चिठ्ठी मिळाली असेल तर ती चिठ्ठी पुरावा आहे. कंपनीच्या सूचना दुकानदाराने पुढे पोहोचवल्या नसतील तर तोही याच कायद्याखाली जबाबदार ठरू शकतो. डब्यावरची माहिती किती बारीक अक्षरात होती, मजुराला वाचता येईल अशी होती का, याचा फोटो काढा. मजुराला मालकाने काय सांगितले आणि काय साधने दिली, हे मालकाने प्रामाणिकपणे लिहून द्यावे. मालकाला हे अवघड जाईल, मला ठाऊक आहे. पण मजुराच्या तोंडावर दार लावून कंपनीचा बचाव सोपा करून देण्यात कोणत्याही कास्तकाराचे हित नाही.

बाधा झाल्याचे जाणवताच, म्हणजे मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दडपण, अंगाला खाज, यातले काहीही, काम थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि दवाखाना गाठा. जाताना रिकामा डबा किंवा पुडा पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरला उपचारासाठी तो लागतोच, आणि त्यावरच्या बॅच नंबरशिवाय तुमचा दावा लंगडा राहतो. शक्य असेल तर सरकारी दवाखान्यात जा. तिथे एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंद करायला सांगा आणि केसपेपरवर औषधाचे पूर्ण नाव लिहून घ्या. रक्ताची कोलिनेस्टरेज चाचणी करता येईल का, ते विचारा. काही औषधांच्या बाबतीत ती मोठा पुरावा ठरते, पण वेळ गेल्यावर तिचा उपयोग राहत नाही. पोलीस जबाब घेतील तेव्हा तो वाचून, नाहीतर वाचून घेऊन मगच सही किंवा अंगठा करा. दुकानाचे पक्के बिल आता मागायला सुरुवात करा, बाधा झाल्यावर नव्हे. उधारीवर घेतले तरी बिल मिळाले पाहिजे. डॉक्टर, पोलीस पाटील आणि ठाणे अंमलदार यांनाही विनंती: एक ओळ नीट लिहिलीत तर एका घराचा दावा वाचतो.

गटाने लढण्यात एक धोकाही आहे. प्रातिनिधिक दाव्याचा निकाल त्या गटातल्या सगळ्यांना बांधतो, न्यायालयात न गेलेल्यांनाही. दावा कोणी ढिसाळपणे चालवला आणि हरला, तर बाकीच्यांचे दारही बंद. म्हणून अशा दाव्याची जाहीर नोटीस पेपरात आली की ती वाचा. आपल्याला सामील होण्याचा किंवा प्रतिनिधी नीट लढत नाही असे सांगण्याचा अर्ज करता येतो. न्यायालयाच्या परवानगीशिवाय आणि नोटिशीशिवाय परस्पर तडजोड होऊ शकत नाही. भोपाळची वायुगळती आठवा. १९८५ च्या कायद्याने बाधितांच्या वतीने लढण्याचा हक्क केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला, आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, ज्यांच्यासाठी ती झाली त्यांना न विचारता. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. ‘मिळेल त्यातले इतके टक्के माझे’ असे सांगणाऱ्या वकिलापासून दूर राहा, भारतात वकिलाला तशी फी घेण्याची मनाई आहे.

जिल्ह्यातल्या वकील मित्रांना वेगळे सांगणे आहे. फौजदारी आणि सातबाऱ्याच्या कामांतून वेळ काढून तालुक्याला निदान एकाने हा कायदा नीट वाचावा, आणि हंगाम संपेपर्यंत आपल्या तालुक्यातल्या बाधितांची औषधवार यादी करून ठेवावी. अशी यादी हातात असली तर कलम ३५ चा अर्ज लिहायला फार दिवस लागत नाहीत. ती नसेल तर दोन वर्षांनीही तो लिहिता येत नाही.

दोन वर्षे हीच ग्राहक आयोगातली मुदत आहे. उशिराला सबळ कारण दिले तर आयोग माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. गेल्या हंगामात किंवा त्याआधीच्या हंगामात बाधा झालेल्यांनी आपली तारीख आजच मोजावी. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. विधी सेवेचा दूरध्वनी १५१०० आणि ग्राहक मदतीचा १९१५. दवाखान्याचा कागद, बिल आणि डबा घेऊन जा, आणि त्याच औषधाने आजारी पडलेला गावातला दुसरा माणूस सोबत न्या.