पट्टी बघून गोळी बंद करू नका

गर्दच्या उपचारात लघवीची तपासणी हवीच. माझा आक्षेप आहे तो तिच्या जोरावर पेशंटची गोळी बंद करण्याला.

मी नर्स आहे. आमच्या केंद्रात रोज सकाळी ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे गर्दची तलफ थोपवणाऱ्या औषधाची, गोळी कुटून पेशंटच्या जिभेखाली ठेवायची आणि ती विरघळेपर्यंत त्याला समोर बसवायचं, हे माझं काम. तेवढ्या वेळात रात्री झोप लागली का, अंग दुखतंय का, खिशात पैसे कुठून आले, सगळं कळतं. लघवी तपासायच्या पट्टीला यातलं काही दिसत नाही.

मग तिला काय दिसतं? नेहमीची पट्टी मॉर्फिन शोधते. शरीरात गर्दमधल्या हेरॉईनचं मॉर्फिन होतं आणि दोन-तीन दिवसांत ते लघवीतून निघूनही जातं. ट्रॅमाडॉल, फेंटानिल तिला सापडत नाहीत आणि आम्ही देतो ती ब्युप्रेनॉर्फिनही नाही. त्यांच्या पट्ट्या वेगळ्या. उलट कोडीनवालं खोकल्याचं औषध तिला सापडतं. खसखससुद्धा! अमेरिकेत नोकरदारांच्या तपासणीची मर्यादा १९९८ साली मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली, ती खसखशीपायीच. आपल्याकडे ३०० वाल्या पट्ट्या सर्रास मिळतात, आणि दिवाळीत अनारसे तर घरोघरी असतात.

एक आई घरीच तपासणी करून तणतणत आली. ‘सिस्टर, हा परत ओढायला लागलाय, बंद करा त्याची गोळी.’ पट्टीवर ‘सी’समोर ठळक रेघ, ‘टी’समोर पुसट. गरोदरपणाच्या चाचणीत दुसरी रेघ म्हणजे ‘आहे’. इथे तीच रेघ, कितीही पुसट असली तरी, म्हणजे ‘नाही’. मुलाने काहीच घेतलं नव्हतं. आदल्या रात्री बापाचा मार मात्र खाल्ला होता.

आणि खरंच पॉझिटिव्ह आली तर? बहुतेकदा डोस अपुरा असतो, संध्याकाळी अंग मोडून येतं आणि पाय अड्ड्याकडे वळतात. तेव्हा डॉक्टरांनी डोस वाढवायचा असतो. ‘शिस्त लागावी’ म्हणून गोळी तोडली की काही दिवसांत शरीराची सवय उतरते. मग पोरगा पूर्वीएवढीच पुडी घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. अशा मरणाला बेशिस्त म्हणून हात झटकणारे मला पटत नाहीत.

गोळी तुटण्याच्या धाकाने माणसं दुसऱ्याची लघवी आणतात. मग आम्ही कपावरची तापमानाची पट्टी बघत बसायचं, ३२ ते ३८ अंशांत आहे का म्हणून. धाक नसला की तोच पेशंट आपणहून सांगतो, ‘सिस्टर, परवा ओढली.’

कागदावर ‘पॉझिटिव्ह’ लिहिण्याआधी पेशंटला विचारावं. तो नाही म्हणाला आणि निकालावर काही अवलंबून असेल, तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा. तिथला अहवाल येईपर्यंत सकाळची गोळी चालू राहू द्यावी.