सोळाशे मीटरनंतर

चौकीबाहेरून
– लॅम रोडकर

पहाटे साडेपाचला लॅम रोडवर फिरायला निघालं की मागून बुटांची धपधप ऐकू येते आणि पाच-सात पोरं घोळक्यानं शेजारून निघून जातात. घोळका शिस्तीसाठी नसतो, बिबट्यासाठी असतो. दारणेकाठच्या उसात त्याचा मुक्काम कायमचा आहे. एकाच्या हातात मोबाईलवर स्टॉपवॉच चालू असतं. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत संपवले की शिपाई भरतीच्या मैदानावर २० पैकी २० गुण. मुलींना आठशे मीटर, दोन मिनिटं पन्नास सेकंद. मग शंभर मीटर, मग गोळाफेक. भेटेल तो मला सेकंद सांगतो. निवड झाल्यावर पुढं काय, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

वाट पाहण्यात यांची दोन-दोन, तीन-तीन वर्षं जातात. या गावाला ते नवीन नाही म्हणा. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर इथल्या देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून असत. त्यांची डोकी फिरत, आणि त्यातूनच इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डूलाली’ म्हणायची पद्धत पडली. जाहिरात निघत नाही म्हणून चिडलेली पोरं पाहिली की मला तो शब्द आठवतो.

निवडीनंतर काय, ते सांगण्याआधी एक गैरसमज दूर करतो. त्र्यंबक रोडवरची महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्या इतक्या जवळ, म्हणून पोरगा शिपाई झाला की तिथंच जाईल असं घरच्यांना वाटतं. तिथं घडतात ते उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक. शिपायाला खंडाळा, मरोळ, दौंडजवळचं नानवीज, तासगावकडचं तुरची, जालना, अकोला, धुळे अशा एखाद्या प्रशिक्षण केंद्रात ट्रंक घेऊन जावं लागतं.

मैदानाला आपली पोरं घाबरणार नाहीत, याची मला खात्री आहे. तोफखान्याच्या सावलीत वाढलेल्या मुलाला ‘सावधान’ आणि ‘दाहिने मूड’ शिकवावं लागत नाही. पहाटेची हजेरी, पीटी, कवायत, टाचेला येणारे फोड, लाठी, गोळीबाराचा सराव, चुकलं की मैदानाला फेरी, दुपारच्या वर्गात आवरेनाशी झोप. पहिला महिना घर आठवतं, दुसऱ्या महिन्यात जेवण गोड लागायला लागतं.

कॅम्पातल्या पोरांना खरा धोका दुसरीकडून आहे. त्यांनी लहानपणापासून फौज पाहिली, म्हणून पोलीस म्हणजे खाकीतली फौज असं ती धरून चालतात. पण जवानाला हुकूम देणारा शेजारी उभा असतो आणि शत्रू ठरलेला असतो. शिपाई मात्र ११२ वर आलेल्या फोनवरून रात्री दीडला कुणाच्या तरी दारात पोहोचतो. आत नवरा-बायकोची हाणामारी, बाहेर गल्ली जमलेली, आणि साहेब फोनच्या पलीकडं. कुणाला बाजूला घ्यायचं, कुणाशी आधी बोलायचं, हे त्याचं त्यानंच ठरवायचं. उद्या तीच माणसं त्याला बाजारात भेटणार असतात.

फौजी छापाच्या पोलिसाला इतिहास आहे. कर्झनच्या काळात, १९०२ साली नेमलेल्या फ्रेझर आयोगानं पोलिसांसाठी प्रशिक्षण शाळा काढा म्हणून सांगितलं. १९०६ मध्ये पुण्याच्या भांबुर्ड्यात शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला आली. तीच आजची अकादमी. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अनंत कान्हेरे यांनी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. अशा काळातल्या सरकारला पोलीस कशासाठी हवा होता, हे वेगळं सांगायला नको. ते सरकार गेलं. मैदान मात्र अजून वर्गाहून मोठं आहे.

माझं मत असं, की नव्या शिपायाचं खरं हत्यार पेन आहे आणि भरती नेमकं तेच तपासत नाही. शारीरिक चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. ‘लेखी’ नावापुरतीच. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण, सगळीकडं चार पर्याय आणि गोल काळा करायचा. समास ओळखता येतो, पण सलग दहा वाक्यं लिहिण्याची वेळ पोरावर येत नाही. ती येते थेट प्रशिक्षणात, आणि नंतर पोलीस ठाण्यात.

काही वर्षांपूर्वी माझी सायकल अंगणातून चोरीला गेली. कुठल्या ठाण्यात गेलो ते सोडा. पंचनामा झाला, सही करताना वाचला, तर माझ्या घराचं दार पूर्वेला गेलेलं. आमचं दार पश्चिमेला आहे आणि संध्याकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत येतं. लिहिणारा मुलगा गुणी होता, पाणी मागून प्यायला. दिशा सांगितल्यावर ओशाळला. सायकल गेली ती गेलीच. खुनाच्या पंचनाम्यात असं दार फिरलं, तर आरोपीचा वकील त्याच दारातून अशिलाला बाहेर काढील.

१ जुलै २०२४ पासून कायदे बदललेत, म्हणून हे जास्तच अडेल. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यायचं आहे. कागदावर एक आणि चित्रफितीत दुसरं असं आता चालायचं नाही. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट हवं, अटकेचा मेमो साक्षीदारासमोर व्हायला हवा, हे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्येच बजावलं होतं. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करण्याचा नियम तर संविधानातच आहे. हे वर्गात शिकवतात. तेव्हाच नेमकी झोप येते.

आणखी एक, शिकवणाऱ्यांसाठी. मैदानावर रोज शिवी खाऊन तयार झालेला मुलगा ठाण्यात तक्रार द्यायला आलेल्या म्हातारीला ‘बसा आजी’ म्हणेल, ही अपेक्षा मला भाबडी वाटते.

भरतीच्या लेखी परीक्षेत निदान वीस गुणांचं एक पान लिहायला लावा, असं मला गृहखात्याला सुचवायचं आहे. तोवर पोरांनो, तुम्हीच एक करा. उद्या धावून आलात की अंघोळीआधी वही घ्या आणि संसरी नाक्यावर काय दिसलं ते अर्धं पान लिहा. वेळ, दिशा, अंतर, कोण उभं होतं, दिवा चालू होता की बंद. विशेषण एकही नको. मग ते पान आईला वाचायला द्या, आणि तिनं काही विचारलं तर पुन्हा लिहा.