थंय तें कितें खातलें?

आमच्या गोव्यात कोणाचे मूल परदेशी शिकायला निघाले की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो. विषय कोणता, विद्यापीठ कसले, कर्ज किती काढले, हे सगळे नंतर. आधी विचारणार, "थंय तें कितें खातलें?" मूल लंडनला किंवा लिस्बनला निघाले असेल तर हा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, कारण तिथे आपले कोणीतरी असतेच. पण जपान, कोरिया, तैवान असे नाव घेतले की विचारणाऱ्याचा चेहरा असा होतो, जणू मुलगी उपाशी मरायलाच निघाली आहे.

प्रश्न चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे उलटेच आहे. परदेशी शिकणाऱ्या मुलासाठी याच्याइतका महत्त्वाचा प्रश्न दुसरा नाही. फक्त तो आपण भीतीपोटी विचारतो आणि त्याचे उत्तर वीस-बावीस किलोच्या पेटीत भरून मोकळे होतो. ही पेटीच पुढे मुलांच्या आड येते, असे माझे मत झाले आहे.

माझी भाची 2023 च्या ऑक्टोबरात एम.ए. करायला जपानमधल्या फुकुओका शहरात गेली. बहिणीने पेटी भरली ती अशी: उकडे तांदूळ, फोव, सोलां, दोन प्रकारचे मसाले, सुकी सुंगटे, तोराचे लोणचे, रव्याचे लाडू आणि उरलेल्या जागेत नूडल्सची पाकिटे. पहिले तीन महिने फोनवर रोज एकच संवाद. "काय जेवलीस?" "शीत आणि आमटी." बहीण समाधानाने फोन ठेवायची.

खरी गोष्ट वेगळी होती. ती राहत होती तिथे स्वयंपाकघर सामायिक होते. पहिल्याच आठवड्यात तिने सुकी सुंगटे भाजली आणि दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी लागली की तीव्र वासाचे पदार्थ करू नयेत. झाले! पोरीने स्वयंपाकघरात पाऊल टाकणेच बंद केले. विद्यापीठाच्या खाणावळीत जायची भीती, कारण ताटात काय आहे ते कळत नाही आणि विचारायला भाषा नाही. मग खोलीत बसून नूडल्स, ब्रेड, पुन्हा नूडल्स. जानेवारीत विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी झाली तेव्हा रक्त कमी निघाले. घरी काहीच सांगितले नाही, कारण सांगितले असते तर "परत ये" म्हणाले असते.

अशी मुले पुष्कळ असणार. ती खोटे बोलतात ते आईला फसवायला नव्हे. आईने प्रश्नच असा विचारलेला असतो की त्याला "शीत आणि आमटी" एवढे एकच उत्तर चालते.

तिला बाहेर काढले ते शेजारच्या खोलीतल्या व्हिएतनामी मुलीने. कपाटातली सुकी सुंगटे पाहून ती मुलगी हरखलीच. त्यांच्याकडेही सुकी कोळंबी घरोघरी वापरतात! दोघींनी खिडकी उघडी टाकून किसमूर केली, तिच्यावर त्या मुलीने लिंबू पिळले आणि माशाचा सॉस घातला. मग तिनेच भाचीला शिकवले की रात्री आठनंतर सुपरमार्केटात तयार जेवणावर निम्म्या किमतीची चिठ्ठी चिकटवतात, तेव्हा जावे. खाणावळीत प्रत्येक वाटीचे पैसे वेगळे असतात, भातसुद्धा लहान, मध्यम, मोठा असा मिळतो, तेव्हा भात, मिसोचे सूप आणि मीठ लावून भाजलेला मासा घेतला तर पोटही भरते आणि खिसाही फाटत नाही. पैशांचा प्रश्न लहान नाही. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला 28 तासच काम करता येते. त्यात 2025 साली जपानात तांदूळ एवढा महागला की पाच किलोच्या पिशवीला 4000 येनच्या वर मोजावे लागत. भाची एका बेन्तोच्या, म्हणजे डब्यांच्या, दुकानात कामाला लागली आणि तिथे काम करता करता जपानी जेवणाची मुळाक्षरे शिकली.

आणि ती मुळाक्षरे आम्हा गोवेकरांना परकी नाहीत! तो भाजलेला मासा 'साबा', आपल्या बांगड्याचा भाऊबंद. आपण बांगड्याच्या हुमणात तेफळे घालतो. जपानी माणूस भाजलेल्या वामीसारख्या माशावर 'सान्शो' नावाची पूड भुरभुरतो. जीभ तशीच चुरचुरते, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली, सख्खी चुलत भावंडे म्हणा. फुकुओकाची खासियत म्हणजे 'मेन्ताइको', तिखटमिठात मुरवलेली गाबोळी, जी मुळात कोरियातून आली. आपण गाबोळी तव्यावर परततो, ते भातावर कच्चीच घेतात, एवढाच फरक. सूपाला जी चव असते ती कुप्याच्या जातीचा मासा शिजवून, धुरावून, लाकडासारखा कडक वाळवून त्याच्या किसाची. सुक्या मासळीवर पावसाळा काढणाऱ्या आमच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. पुण्या-नागपूरच्या मुलाला जे जड जाईल ते आमच्या मुलांना सोपे आहे, पण हे त्यांना कोणी सांगतच नाही. आम्ही त्यांना मसाल्याची पाकिटे देतो.

सगळेच गोड आहे असे नाही. आंबवलेल्या सोयाबीनचा 'नात्तो' तारा सुटतो तसा भाचीला आजतागायत जमलेला नाही. आणि फुकुओकाच्या गल्लोगल्ली ज्या रामेनचा वास दरवळतो त्याचे पांढरे सूप डुकराची हाडे तासन्‌तास उकळून करतात.

इथे तो खरा अवघड विषय येतो, ज्याविषयी घरात कोणी उघड बोलत नाही. आपल्याकडे मासे चालतात, पण सोमवारी शिवराक. गाईचे मांस नाही. बऱ्याच हिंदू घरांत डुकराचेही नाही. जपानात 'भाजीचे' म्हणून जे मिळते त्याच्या सूपात मासा असतो. करीच्या तयार वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते. पाकिटावर लिहिलेले असते, पण वाचता आले पाहिजे. भाचीने पहिली जी चार-पाच चित्रलिपीतली अक्षरे पाठ केली ती गाय, डुक्कर, कोंबडी आणि मासा यांची. वर्गातल्या अक्षरांआधी ही. तरी एकदा चूक झालीच. बेन्तोच्या दुकानातली एक वडी खाल्ल्यावर कळले की आत गाईचे होते. रात्री रडत तिने मला फोन केला, आईला नाही. म्हणाली, "मामा, आईला सांगू नको."

मी तिला सांगितले ते इथेही सांगतो. अजाणता पोटात गेले त्याने माणूस बाटत नाही. आपल्या पूर्वजांनी विहिरीत टाकलेल्या पावाच्या तुकड्याने माणसे बाटवली आणि अख्ख्या वाड्यांवर दारे लावली. पाण्यातला तो पाव गोव्याला किती महाग पडला याच्या कथा आपण अजून सांगतो. निदान ती चूक विद्यार्थ्यांच्या ताटापाशी पुन्हा करू नये. नियम पाळायचा असेल तर मुलाने स्वतः, समजून पाळावा. सोमवार पाळायचा तर कोम्बू नावाच्या समुद्रशेवाळाचे सूप मिळते. बौद्ध मठांतला शाकाहारी स्वयंपाक त्यावर आणि अळंब्यांवरच चालतो. पाळायचा नसेल तर तेही त्याने घरी स्वच्छ सांगावे. आणि आईबापांनी ते ऐकून घ्यावे. चोरून पाळलेला नियम आणि चोरून मोडलेला नियम, दोन्ही मुलाला आतून पोखरतात.

आता प्रवासाविषयी. पर्यटकांसाठी असलेला जपानचा प्रसिद्ध रेल्वे पास विद्यार्थी व्हिसावाल्यांना मिळत नाही. सुट्टीत गरीब विद्यार्थ्याचा आधार म्हणजे 'सेइशुन जूहाची किप्पू', 'तारुण्याचे अठरा' असे नाव असलेले तिकीट. नावात अठरा असले तरी वयाची अट नाही. आता ते सलग तीन दिवसांचे 10,000 येनला आणि पाच दिवसांचे 12,050 येनला मिळते. बुलेट ट्रेनला ते चालत नाही. फक्त साध्या गाड्या. मला विचाराल तर विद्यार्थ्याने अशाच गाडीने फिरावे. बुलेट ट्रेनमध्ये देश खिडकीतून पळतो. साध्या गाडीत शेजारी शाळकरी पोरे चढतात, म्हाताऱ्या बाया भाजीच्या पिशव्या घेऊन बसतात, आणि दोन शब्द जास्त शिकून माणूस उतरतो.

अशाच गाडीने भाची नागासाकीला गेली. तिथल्या टेकडीवर 1597 साली क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांचे स्मारक आहे. त्यांत एक आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया! त्याच शहरात पोर्तुगीजांच्या वेळचा 'कासुतेरा' केक मिळतो. आणि जपानी भाषेत ब्रेडला म्हणतात 'पान'. आमचा पोदेर सायकलवरून पोंपों करीत आणतो तो पाव आणि हा पान, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे.

पुढे ती बसने कागोशिमाला गेली. तिथल्या उद्यानात झेवियरच्या पुतळ्याजवळ एका जपानी माणसाचा पुतळा आहे. त्याचे नाव आंजिरो, काही जण याजिरो म्हणतात. हातून खून घडल्यामुळे देश सोडलेल्या या माणसाची मलाक्कात झेवियरशी गाठ पडली. 1548 साली तो गोव्यात आला, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात राहून पोर्तुगीज लिहा-वाचायला शिकला, ख्रिस्ती झाला आणि 1549 च्या ऑगस्टमध्ये झेवियरला घेऊन कागोशिमाला उतरला. त्या कॉलेजची आता फक्त कमान उरली आहे. धर्मांतराच्या इतिहासाबद्दल ज्याचे त्याचे मत असो. पण आशियातल्या एका देशाचा विद्यार्थी पावणेपाचशे वर्षांपूर्वी आमच्या गावी शिकायला येऊन राहिला, इथले खाऊन, इथली भाषा शिकून परत गेला, हे आमच्या किती मुलांना ठाऊक आहे? भाचीलाही ते कागोशिमात कळले, गोव्यात नाही.

आणि आपल्याकडून पूर्वेला गेलेला विद्यार्थी म्हणजे साखवाळचे धर्मानंद कोसंबी. पाली शिकायला ते 1902 साली सिलोनला गेले, कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे राहिले, पुढे ब्रह्मदेशात गेले. भिक्षूंच्या नियमात मध्यान्हीनंतर जेवण नाही. सारस्वताच्या घरातून निघालेल्या त्या माणसाने शिकण्यासाठी तेही पत्करले. त्यांच्या 'निवेदन' या आत्मकथेची प्रत परदेशी निघालेल्या प्रत्येक गोवेकर मुलाला द्यावी. मसाल्याहून ती हलकी आहे.

मला फार आवडणारी एक गोष्ट याहून जुनी आहे. दोगेन नावाचा तरुण जपानी भिक्षू 1223 साली चीनला शिकायला गेला. जहाज बंदरात उभे असताना एका मठाचा म्हातारा स्वयंपाकी जपानी अळंबी विकत घ्यायला आला. दोगेनने त्याला राहण्याचा आग्रह केला. तो म्हणाला, उद्याचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. दोगेनने विचारले, या वयात ध्यान-अध्ययन सोडून हे काम कशाला? म्हातारा हसला आणि त्याने सुनावले की साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलेले नाही. दोगेन मोठा आचार्य झाल्यावर 1237 साली त्याने मठाच्या स्वयंपाक्यासाठी ग्रंथ लिहिला, त्यात ही हकिकत सांगितली आहे. परदेशातला त्याचा पहिला धडा स्वयंपाक्याकडून मिळाला, आणि तो त्याने आयुष्यभर जपला.

कोणी म्हणेल, असे सगळे खायला लागली तर मुले आपली राहतील का? माझे उत्तर असे की खोलीत कोंडून नूडल्स खाणारे मूल तरी कुठे आपले राहते? आज भाची जपानी तांदळावर सोलकढी घेते, हुमणात तेफळे संपली तर सान्शो घालते. गोव्यात असताना तिला हुमण करता येत नव्हते. तिथे जाऊन शिकली, कारण मैत्रिणींना करून घालायचे होते. आपले पदार्थ टिकतात ते दुसऱ्याला वाढल्याने.

तेव्हा आईबापांना एवढेच सांगणे: पेटी अर्धी रिकामी ठेवा. तेफळे, सोलां आणि थोडी सुकी मासळी पुरे. जाण्याआधी मुलाला, मुलग्यालासुद्धा, एक हुमण आणि एक डाळ करायला शिकवा. काय खाणार, काय नाही, हे त्याच्याशी मोकळेपणी बोला आणि शेवटचा निर्णय त्याच्यावर सोडा. आणि फोनवर "काय जेवलीस?" याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारत जा, "कोणाबरोबर जेवलीस?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चांगले येऊ लागले की पहिल्याची काळजी करायचे कारण उरत नाही.