फी भरली म्हणजे शिक्षण झाले?

हर्सूल टी-पॉइंटच्या आसपास क्लासच्या पाट्या जशा वाढत आहेत, तसा एक सिद्धान्तही वाढतो आहे. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या धड्यांनी कुणी घडत नाही. बापाच्या खिशाला चाट बसली तरच पोरगं अभ्यासाला लागतं. 'दीक्षा', 'स्वयम्' ही सरकारची मोफत ऑनलाइन शिक्षणाची व्यासपीठे म्हणे गरिबांची समजूत घालायची साधने. परवा एका सुशिक्षित गृहस्थांनी हे इतक्या ठामपणे ऐकवले की उत्तर देणे भाग आहे.

फुकट ते हलके, हा त्यांचा पाया. मग 'नीट'ची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा. हजारोंची फी घेणारे क्लासवाले पहिल्या दिवशी काय सांगतात? एनसीईआरटीचे जीवशास्त्र ओळन् ओळ वाचा. ते पुस्तक संकेतस्थळावरून पैसाही न देता उतरवून घेता येते. बालभारतीची पुस्तकेही तशीच मिळतात. आयआयटीतले प्राध्यापक एनपीटीईएलवर जे शिकवतात, ते ऐकायला शुल्क नाही. कानपूरच्या आयआयटीने उभारलेले 'साथी' जेईई-नीटची तयारी विनामूल्य करून देते. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले अभ्यासक्रम जगाला खुले करण्याची घोषणा २००१ सालीच केली. हे सगळे हलके, आणि त्यावरूनच काढलेल्या झेरॉक्स नोट्स मात्र भारी?

राहिला फीमुळे येणाऱ्या गांभीर्याचा मुद्दा. पैसे बाप भरतो. पोराच्या वाट्याला धास्ती येते. चाचणीत गुण घसरले की त्याला चूक झालेले गणित आठवत नाही, घरचे कर्ज आठवते. ऑनलाइन अभ्यासक्रम अर्धवट सोडणारे पुष्कळ आहेत, मान्य. पण क्लासच्या शेवटच्या बाकावर मनाने केव्हाच उठून गेलेल्यांची मोजदाद कोण ठेवतो?

हा वाद जुनाच आहे. १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आले आणि पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानाने मात्र १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. फी नाही म्हणून त्या शाळांत शिकलेल्यांचे शिक्षण कमअस्सल ठरले काय?

मुले मोबाइलवर रील पाहतात? शेजारी बसायला मोठ्यांना सवड नसते म्हणून. मराठीत काही नाही? विश्वकोश ऑनलाइन आहे, स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत. आधी उघडून तर पाहा.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती २०२० च्या टाळेबंदीत उघडी पडली. घरात फोन एकच, तोही बापाबरोबर कामावर जाणारा. अडले तर विचारायला कुणी नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच: हर्सूलच्या शाळांतली एकेक खोली संध्याकाळी दोन तास उघडी राहावी. तिथे एक पडदा असावा, 'दीक्षा'वरचे धडे आधीच उतरवून ठेवलेले असावेत, आणि शंका सोडवायला महाविद्यालयात शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी मानधनावर बसावी. धडे तयार आहेत, खोल्या आहेत. मानधनाची तरतूद महापालिकेने आणि शिक्षण खात्याने करावी. तोवर फी न परवडणाऱ्या मुलाला बेफिकीर म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.