ऑपरेशन यशस्वी, पण करडू किती जगलं?

जनावरांवरच्या प्रयोगाची बातमी आली की लोक तावातावाने भांडतात. एक म्हणतो मुक्या जिवांचा खून, दुसरा म्हणतो विज्ञान. जनावर किती दिवस जगलं, हे मात्र कुणीच विचारत नाही!

आमच्या दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधली गाडी गेटपर्यंत गेली, एवढ्यावर ती दुरुस्त झाली असं कुणी म्हणेल का? मग हृदय टेबलावर धडधडलं म्हणून टाळ्या कशाला?

परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आधी कुत्र्यांवर सराव केला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. पेशंट काही तासांतच गेला. हात तयार होता, पण नवं हृदय टिकेल का, हे टाके नीट पडल्याने कळत नाही.

अमेरिकेत डॉ. लेनर्ड बेली यांनी नवजात करडांना कोकरांची हृदयं बसवली. त्या भरवशावर २६ ऑक्टोबर १९८४ ला एका तान्ह्या मुलीला बबून माकडाचं हृदय बसवलं. १५ नोव्हेंबरला ती गेली. शेळी-मेंढी जवळची, माणूस आणि बबून तितके नाहीत! पण करडांवर बसलेला तोच हात पुढे कामी आला. १९८५ मध्ये माणसाचंच हृदय मिळालेलं बाळ जगलं, मोठं झालं.

म्हणून प्रयोग बंद करा असं माझं म्हणणं नाही. हिशेब द्या. किती करडं, किती दिवस जगली, कशाने मेली? जगलेलं एक दाखवून बाकीची झाकलीत, तर ती खरंच फुकट मेली.