ओसरीवरून : मिसर देशांतील आमचा पहिला प्रहर

साठी उलटल्यावर मनुष्यानें नवें शस्त्र हातीं धरूं नये, असें आम्ही आजवर मानीत आलों. परंतु गेल्या दिवाळींत धनुष्य, तलवार आणि ढाल हीं तिन्ही एकदम आमच्या हातीं आलीं. आणि तींही पालमच्या आमच्या घरांत, माजघरांतल्या झोपाळ्यावर बसल्याबसल्या, देवघरापासून अवघ्या दहा पावलांवर.

झालें तें असें. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू पुण्यास संगणकशास्त्र शिकतो. वय एकोणीस. सुटींत घरीं येतांना त्यानें आपला लॅपटॉप व त्यावरील एक खेळ बरोबर आणिला. खेळाचें नांव ‘ॲसॅसिन्स क्रीड : ओरिजिन्स’. भाऊबिजेच्या दुपारीं घरांतलीं सारीं मुलें त्याच्या खांद्यावरून पडद्यावर वाकलीं होतीं. कोणाच्या तरी कंठांत बाण रुतला, रक्त उडालें, आणि आमची नऊ वर्षांची नात आनंदानें ओरडली, “आणखी एक मार ना रे दादा!” हे शब्द स्वयंपाकघरांत थोरल्या वहिनींच्या कानीं गेले. मग काय विचारतां! सणाच्या दिवशीं घरांत रक्तपात नको, असें वहिनींचें म्हणणें. टीव्हीवर महाभारत लागतें तेव्हां आपणच सर्वांच्या पुढें जाऊन बसतां, असें सूनबाईंचें. दोन्ही पक्ष अखेर आमच्याकडे आले. छत्तीस वर्षें इतिहास व संस्कृत शिकविल्यामुळें प्राचीन काळचीं भांडणें मिटविण्याचा अधिकार आमचा, असा घरांत समज आहे. आम्ही निकाल देणार, इतक्यांत नातू नम्रपणें म्हणाला, “आजोबा, न खेळतांच ठरवणार?”

नैयायिकांनीं प्रत्यक्ष हें पहिलें प्रमाण मानिलें आहे, आणि आम्हीं तर लहानपणीं तर्कसंग्रह पाठ केलेला. निरुपाय झाला. सायंकाळीं वीज आल्यावर आम्ही बसलों.

हा खेळ एका फ्रेंच कंपनीनें २०१७ च्या ऑक्टोबरांत काढिला. मुख्य काम कॅनडांतील माँट्रिऑल येथें झालें. (त्याच कंपनीचें एक कार्यालय २००८ पासून पुण्यांतही आहे, हें ऐकून वहिनींनीं कपाळाला हात लाविला.) काळ इसवी सनापूर्वीं ४९ च्या सुमाराचा. मिसर देशाच्या गादीवर टॉलेमी घराण्यांतला पोरसवदा राजा, त्याची बहीण क्लिओपात्रा पदच्युत, आणि रोमची दृष्टि त्या देशावर. कथानायक बायेक हा वाळवंटांतल्या सिवा नांवाच्या हिरवळींतला रक्षक. त्याच्या लहान मुलाचा बळी गेला आहे. ज्यांनीं हें घडविलें ते मुखवटे घालून आले होते. एकेकाला हुडकून तो सूड घेतो. त्याच्याजवळ सेनू नांवाची पाळीव गरुडपक्षीण आहे. ती आकाशांत घिरट्या घालते आणि तिच्या डोळ्यांनीं आपणांस शत्रूची छावणी दिसते. नांव ऐकतांच आम्हांस वेदांतला श्येन आठवला. साम्य केवळ कानाचें आहे, हें जाणतों. पण श्येनावरून श्येनयाग आठवला. शत्रूचा नाश व्हावा म्हणून करावयाचा हा विधि वेदांत सांगितलेला असूनही मीमांसकांनीं त्याला धर्म म्हटलें नाहीं. ही मौज नातवाला समजावून सांगूं लागलों, तोंच मागून कोणी येऊन आम्हांस ठार केलें.

या खेळांत मरण स्वस्त आहे. दोन्ही हातांत धरावयाचा जो कंट्रोलर, त्यावर दोन दांडे आणि डझनावर कळा. डावा दांडा चालण्याचा, उजवा पाहण्याचा. मनुष्य जिकडे पाहतो तिकडेच चालतो, ही आमची जन्मभराची समजूत तेथें कुचकामी ठरली. आम्ही भिंतीकडे चालत असूं आणि पाहत असूं आकाश. ढाल पुढें करावयास जावें तर घोड्याला शीळ घातली जाई. पहिल्या दोन तासांत आम्ही तेवीस वेळां मेलों. आमचें कुटुंब शेजारीं वाती वळीत बसलें होतें. त्यांनीं वातींबरोबर हाही हिशेब ठेविला.

चोविसाव्या खेपेस नातवानें युक्ति सांगितली. “आजोबा, रात्र होऊं द्या. पहारेकरी निजतात. निजलेल्याला मारणें सोपें.” खरोखरच त्या खेळांत दिवस मावळतो, रात्र पडते, आणि शिपाई आपापल्या पथाऱ्यांवर आडवे होतात. आम्ही गवतांतून सरपटत गेलों. एक जण पालाच्या दाराशीं निजला होता. कळ दाबली. काम झालें.

खरें सांगावयाचें तर आम्हांस आनंद झाला. लाज नंतर वाटली, आनंद आधीं. आम्ही “साधलें!” असें मोठ्यानें म्हणालोंही. कुटुंबानें वातीवरची नजर न काढतां म्हटलें, “कोणाचा तरी मुलगा असेल हो तो.”

वाचकहो, सौप्तिकपर्व आम्हीं किती वर्षें शिकविलें! द्रोणाचा वध झाला तो पुत्र मेल्याची वार्ता ऐकून त्यानें शस्त्र ठेविल्यावर. त्या बापाचा सूड घेण्यास अश्वत्थामा रात्रीं पांडवांच्या छावणींत शिरला, धृष्टद्युम्नाला त्यानें झोपेंत गांठलें आणि द्रौपदीच्या पांचही पुत्रांना मारिलें. येथें मुलगा बापाचा सूड घेतो, तेथें बाप मुलाचा. शोक दोघांचाही खरा. ‘अश्वत्थाम्याचें काय चुकलें?’ हा आमचा ठरलेला प्रश्न असे, आणि त्याचें ठरलेलें उत्तर मुलें लिहीत. परंतु काम साधतांच हाताला जो हलकेपणा येतो, जो आम्हांस त्या रात्रीं माजघरांत आला, तो आम्हीं कोणत्याही वर्गाला सांगितला नव्हता, कारण आम्हांसच तो ठाऊक नव्हता. घरांतल्या भांडणाला हें उत्तर होईल कीं नाहीं, कोण जाणे. मुलांनीं रक्त पाहिल्यानें तीं क्रूर होतात कीं काय, यावर विद्वानांचे वाद आहेत; त्यांत आम्ही पडत नाहीं.

झोप मात्र लागली नाहीं, आणि तिचें कारण तो निजलेला शिपाई नव्हता. तेवीस वेळां आम्ही चुकलों, आणि तेवीस वेळां नातू एकच वाक्य बोलला, “असूं द्या आजोबा, पुन्हां करूं.” आवाज एकदांही चढला नाहीं. एकोणीस वर्षांचा पोर. पण कोणती कळ आम्ही सोडून देतों, कोठें घाबरतों, हें पाहून तो आम्हांस थोडें सोपें करून देत होता.

आमच्या वर्गांत तेवीस वेळां चुकण्याची सोय नव्हती. ‘राम’ शब्दाचें रूप एकदां चुकलें कीं दटावणी, दुसऱ्यांदा चुकलें कीं छडी. ती छडी आमच्या टेबलाच्या उजव्या खणांत असे. एका वर्षीं आठवींत एका शेतमजुराचा मुलगा होता. बुद्धीनें मंद नव्हता. पण तृतीयेच्या द्विवचनाशीं येऊन अडखळे. सलग तीन दिवस तो तेथेंच अडखळला, आणि तिसऱ्या दिवशीं त्याचे दोन्ही तळवे आम्हीं सुजविले. चौथ्या दिवशीं तो आला नाहीं. पांचव्या दिवशींही नाहीं. पुढें हजेरीपटावरून त्याचें नांव गेलें. घर दूर नव्हतें, नदीकडच्या वाटेवरच होतें. आम्हीं चौकशी केली नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतली छडी वर्ज्य ठरविली, तेव्हां ‘आतां शिस्त बुडाली’ असें म्हणणाऱ्यांत आम्हीही होतों. त्या दिवशीं तळव्यांवर छडी पडतांना हाताला हलकेपणा आला होता कीं नाहीं, हें आतां आठवावयास गेलें तर आठवतें.

दुसऱ्या दिवशीं कंट्रोलर हातीं घ्यावासा वाटेना. नातवानें कारण विचारिलें नाहीं. त्यानें त्याच खेळाचा दुसरा भाग उघडिला. २०१८ च्या फेब्रुवारींत कंपनीनें हा भाग जोडला. त्यांत लढाई मुळींच नाहीं. तोच देश, तेंच ऊन, तेच लोक. आपण नुसतें हिंडावयाचें. इतिहासकारांच्या साह्यानें रचलेल्या पंचाहत्तर सफरी त्यांत आहेत. पिरॅमिडांत शिरावें, अलेक्झांड्रियाचा दीपस्तंभ पाहावा, ग्रंथालयांत जावें. आतां मुलांनाही बोलाविलें. वहिनी दारांत उभ्या राहून पाहूं लागल्या. थोड्या वेळानें पाट ओढून बसल्याही.

अलेक्झांड्रियाच्या बंदरांत गलबतें डोलत होतीं. तीं पाहून आम्हांस राहवेना. बायेकच्या काळानंतर सुमारें शंभर वर्षांनीं मिसर देशांतील एका ग्रीक भाषा जाणणाऱ्या व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्राच्या प्रवासाचें एक टिपण लिहिलें. आपलें नांव त्यानें दिलें नाहीं; पण आपल्या दोन गांवांचीं दिलीं. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. पैठणाहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तगराहून कापड गाड्यांत भरून, बिकट रस्त्यांनीं भडोचला जाई. तेथून गलबतांत, तांबड्या समुद्रावरील बंदरांत, पुढें वाळवंटांतून उंटांवर आणि नाईल नदीनें अलेक्झांड्रियास. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतलें तेर, हें फ्लीटसाहेबांनीं १९०१ मध्यें दाखविलें. तेरला सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति इटलींतल्या पाँपेई येथील मूर्तीच्या जातीची आहे. आणि पैठणाखालून वाहणारी जी गंगा, तीच पुढें गंगाखेडावरून आपल्या तालुक्याला लागते.

“म्हणजे आपल्या नदीकांठचे दगड त्या बोटींत?” नातीनें विचारिलें.

“असतील,” आम्ही म्हणालों. नातवाला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. तो नायकाला धक्क्यावर उभा करून, खेळ थांबवून ऐकत राहिला. मध्येंच एक सनावळी आमच्या तोंडून चुकली; ती आमची आम्हींच सुधारली, तेव्हां तो पोर हंसून म्हणाला, “असूं द्या.”

निकाल असा दिला : युरोपांतल्या मंडळानें या खेळाला अठरा वर्षांची मर्यादा घातली आहे, ती आमच्या घरांतही राहील, लहानांनीं हिंडण्याचा भाग पाहावा, तोही वडीलधारें कोणी शेजारीं असतांना. वहिनींनीं हा निकाल मान्य केला. नातीनें अमान्य केला. निकालापैकीं मोठ्यांच्या भागाविषयीं कुटुंबानें एकच विचारिलें, “आणि तुम्ही?”

नातू परवां पुण्यास परत जातो. उद्यां सायंकाळीं वीज असल्यास एकदां बसावयाचें ठरलें आहे. छावणीच्या पूर्वेकडचा पहारेकरी अजून जिवंत आहे. त्याला जागा असतांना, समोरून गांठावें असें आम्ही म्हणतों; नातवाच्या मतें त्यांत आमचें मरण दहा वेळां तरी ठरलेलें आहे. वाती पुरेशा वळून ठेवल्या आहेत.